उणे चौदा

आमचे हे प्रयोगशाळेत भार टाकून पोलाद किती वाकतं ते मोजतात. घरातली पुस्तकांची फळी वाकली तेव्हा म्हटलं, "सुताराला बोलवा." ह्यांनी पट्टी आणली! तेव्हापासून दर रविवारी आंघोळीआधी मोजणी आणि वहीत नोंद. चौदा वर्षांत चौदा मिलिमीटर. "हात लावू नकोस, प्रयोग बिघडेल." आज मोठ्या जाऊबाई येणार होत्या, त्यांच्या नजरेतून काही सुटत नाही. हे आंघोळीला जाताच मी पुस्तकं उतरवली. ओझं गेलं तरी फळीचं सुटलेलं पोट आत जाईना. मग ती उलटी बसवली, पुस्तकं रचली. हे टॉवेलवरच बाहेर आले. वाटलं, आता आभाळ कोसळणार. ह्यांनी पट्टी लावली, वहीत लिहिलं, "उणे चौदा." चेहरा खुलला. "अगं, अजून चौदा वर्षांनी अगदी सरळ होईल!" म्हटलं, "मग जाऊबाईंना फोन करा, तेव्हाच या म्हणावं."