अडवलेलं वाचन

म्हातारा इद्रिस गेल्याचं गुरुवारी सकाळच्या प्रार्थनेआधी कळलं. रात्री टेकडीवरच्या ज्यू वस्तीतून कोणीतरी खालच्या अरब गावात उतरलं आणि त्याच्या तेलाच्या घाण्याला आग लावून आलं. बाहेरच्या भिंतीवर हिब्रूत 'बदला' लिहिलेलं होतं. इद्रिस आतच झोपला होता.

सिनेगॉगमध्ये रब्बी एल्याकीम यांनी प्रार्थना नेहमीसारखी चालवली. धर्मग्रंथाची गुंडाळी मेजावर उघडली गेली, वाचणारा पुढे वाकला, तेव्हा त्यांनी तिच्यावर कापड ओढलं.

"ज्याच्यावर अन्याय झाला त्यानं वाचन अडवायचं, त्याचं ऐकल्याशिवाय पुढं जायचं नाही, ही आपली जुनी रीत," ते म्हणाले. "इद्रिस इथं येऊ शकत नाही. म्हणून मी अडवतो. रात्री जो खाली गेला होता, त्यानं उभं राहावं."

टेकडीवर ही रीत आजवर एकदाच वापरली गेली होती. गाडी लावायच्या जागेवरून.

"वल्हांडणाच्या सणात आपल्या नदावला गोळ्या घातल्या, तेव्हा कोणी काय अडवलं?" मागून योएलनं विचारलं.

"नदावला मीच माती दिली, योएल. त्याला मारणारा या बाकांवर बसत नाही."

"आणि म्हाताऱ्याला मारणारा बसतो?"

रब्बींनी बाकांवरून नजर फिरवली. कोणीही उभं राहिलं नाही.

"माझी बस चुकेल हो, रब्बी," एकजण पिशवी उचलत म्हणाला. "तुम्ही बसा वाट बघत."

"चला, शाळेच्या खोलीत दुसरी गुंडाळी आहे," योएल म्हणाला. वाचनाला दहा माणसं लागतात. सतरा उठली.

मागे राहिला तो मनश्शे. सिनेगॉगच्या किल्ल्या त्याच्याकडे असत. दोघंच उरल्यावर तो नेहमीसारखा अरे-तुरेवर आला.

"रात्री कोण घरात नव्हतं ते सगळ्या टेकडीला ठाऊक आहे. तुलाही."

"हो."

"मग त्यानं उभं राहायची वाट कशाला पाहिलीस? तोंड तुलाही आहे."

रब्बी बाकावर बसले. बायको, पनिना, गेली तेव्हा शोकाच्या रीतीप्रमाणे फाडलेला कोट त्यांनी महिन्यानं स्वतःच शिवला होता. टाके वाकडे होते.

"तेरा वर्षांचा असताना त्याला याच मेजापाशी वाचायला शिकवलं मी. एका ओळीवर हमखास अडखळायचा. पनिना त्याला सुकी अंजिरं द्यायची."

"पनिना असती तर एव्हाना इद्रिसच्या दारात असती."

"मलाही ओढत नेलं असतं."

"मग?"

"मग काय. ती नाही."

शाळेच्या खोलीतून वाचनाचा आवाज येऊ लागला. दोघांनी गुंडाळी बांधून कपाटात ठेवली. मनश्शेनं दाराला कुलूप लावलं.

रब्बी उतारापर्यंत गेले. खाली घाण्यातून अजून धूर येत होता. अंगणात कोणीतरी खुर्च्या मांडत होतं. दुपारी इद्रिसला पुरणार होते.

रब्बी तिथंच उभे राहिले. खाली जायचं होतं. नाव सांगायचं होतं. दोन्ही राहिलं होतं.