काठीच्या चालीने

सिग्नल हिरवा होताच सासूबाईंनी काठी पुढे टाकली. रस्त्यापलीकडेच त्यांची बहीण राहायची, पण गुडघे धरल्यापासून त्या निम्म्यावर असतानाच सिग्नल बदलायचा. भेटीगाठी फोनवर आल्या होत्या. सुनेने तक्रार केली तेव्हा महापालिकेचे इंजिनियर म्हणाले होते, "सगळं हिशोबाने बसवलंय, ताई." "मग सासूबाईंचा हात धरून रस्ता ओलांडून दाखवा," सून म्हणाली. ते खरंच आले आणि भर चौकात हॉर्नच्या गदारोळात त्यांच्यासोबत अडकले. आज सिग्नलच्या वाढवलेल्या वेळेचा पहिला दिवस. सून सिग्नलवर नजर ठेवून मागे चालली होती. काठी पलीकडच्या फुटपाथवर टेकली तरी सिग्नल हिरवाच. "उजाडलं का गं?" बहीण दारातूनच म्हणाली. सासूबाई हसून सुनेकडे वळल्या. "आता पुढचा चौक बघ. तिथे तुझ्या आईच्याही हातात काठी आलीय." सुनेने फोन लावला. "इंजिनियरसाहेब, उद्या माझ्या आईचा हात धरायला याल?"