हलणारे ओठ

बिबवेवाडीच्या घरी बापूरावांनी प्राण सोडला, तेव्हा खाटेभोवती जमलेले सगळे नातेवाईक मोठ्याने त्रिशरण म्हणत होते. मुलाने, चेतनने, मोबाइलवर काढलेल्या व्हिडिओत बापूरावांचे ओठही हलताना दिसत होते. "शेवटच्या श्वासापर्यंत आमच्याबरोबर म्हणत होते," असं त्यांची बायको शालनताई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायच्या. त्या एका समाधानावर त्यांनी वर्ष काढलं.

पहिल्या स्मृतिदिनाला त्या लेकीला म्हणाल्या, "दीक्षा, त्यांचा आवाज एकदा नीट ऐकव ना गं. तुझ्या लॅपटॉपवर काहीच कळत नाही."

लॅपटॉपचे स्पीकर खरंच मरतुकडे होते. आयटीत काम करणाऱ्या दीक्षाने त्यावर एक सॉफ्टवेअर टाकलं. मोठे आवाज दाबायचे आणि बारीक आवाज वर उचलायचे, एवढंच त्याचं काम.

"आई, ये. आता ऐकू येतील बाबा."

शालनताई पदर सावरून लॅपटॉपसमोर बसल्या. व्हिडिओ सुरू झाला. नातेवाइकांचे आवाज खाली गेले आणि बापूरावांचा खोल गेलेला आवाज स्पष्ट वर आला.

"शालन, पाणी... घोटभर पाणी दे गं."

स्क्रीनवरच्या शालनताई त्यांच्या उशाशी बसून, डोळे मिटून, हात जोडून त्रिशरण म्हणत होत्या.

दीक्षाने घाईने लॅपटॉप बंद करायला हात पुढे केला. शालनताईंनी तो मध्येच धरला.


"राहू दे. आज तरी ऐकू दे मला."