फूटपट्टीआडचा नंबर

"सर, मॅच चालू असताना टीव्हीवर मध्येच सेट-टॉप बॉक्सचा नंबर चमकतो, तो तुम्ही झाकलात. पण दुसरा नंबर चित्रातच मुरवलेला असतो. प्रत्येक बॉक्सचा वेगळा, डोळ्यांना न दिसणारा. चोरलेल्या चित्रातून आम्ही तो शोधून काढतो." चॅनेलकडून आलेली मुलगी हळू आवाजात म्हणाली, "तो तुमच्याच बॉक्सचा निघाला. हा बॉक्स आता काढून न्यावा लागेल."

देवस्थळी सरांची नजर टीव्हीजवळच्या लाकडी फूटपट्टीवर गेली. कबड्डीची फायनल त्यांनी टीव्हीसमोर मोबाइल धरून जुन्या विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर थेट दाखवली होती. नंबर चमकला की पट्टी आडवी धरायची, एवढीच युक्ती. "सर, तुम्ही ग्रेट!" असं जो तो म्हणाला आणि सर फुशारले. तिथून ती मॅच कुठल्या कुठे गेली. संशय आला केबलवाल्या दस्तगीरवर. चॅनेलनं आठवडाभर त्याची केबल बंद ठेवली. "आठवीतही हा कॉपीच करायचा," असं सर चारचौघांत म्हणाले होते.

तोच दस्तगीर आत्ता दारात उभा होता. "मॅडम, सरांना या वयात त्यातलं काय कळतंय? चुकून झालं असेल."

तीस वर्षं गणित शिकवलेल्या सरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. ते उठले. ज्या पट्टीनं त्याला आठवीत कॉपीसाठी फोडलं होतं, तीच त्यांनी त्याच्यापुढे धरली आणि दुसऱ्या हाताचा तळवा पुढे केला.

दस्तगीरनं पट्टी घेतली नाही. मान खाली घालून तो बॉक्सच्या वायरी सोडवू लागला. सरांचा हात तसाच पुढे राहिला.