इरिडियमची थंडी

प्लॅटिनमच्या कुळातला इरिडियम उणे दोनशे त्र्याहत्तर अंशांपाशी पोचला, की विजेला अडवायचं सोडतो. अक्षताच्या बंगळुरूच्या प्रयोगशाळेत मात्र तो तीन महिने अडवतच राहिला. आपण कशाला चुकतोय, पुस्तकंच चुकली असणार! तसा शोधनिबंध धाडून ती ऐटीत गावी, कोडोलीला आली.

डेअरीत दुधाच्या टाक्या थंड ठेवण्यात जन्म गेलेले तिचे वडील, भाऊसो, जेवताना तिचं सगळं ऐकून म्हणाले, "काटा थंडी दावतोय अन् दूध गरमच, असं लई बघितलंय म्या. थर्मामीटर धातूला नीट टेकलाय न्हवं?"

ती हसली. परत जाऊन पाहते, तर टेकला नव्हता. शोधनिबंध मागे घेऊन तिनं वडिलांना फोन केला.

"मागं घेताना कारण काय लिवलंस?"

"एका तज्ज्ञानं चूक दाखवली, आबा."

"हुशार दिसतोय. कोण गं त्यो?"