शपथेवरचा प्रश्न

“बाकीचं पुराण राहू दे पोरी. त्या फोरमनला शपथेवर कधी उभं करणार, तेवढं सांग,” सिबिल म्हणाली.

सुमेधानं कपातला चमचा उगाच फिरवला. ती टोरोंटोच्या युनिव्हर्सिटीत शिकत होती. अपघाती मृत्यूची चौकशी करणाऱ्या कॉरोनरचा कायदा बदलला, तेव्हा ज्यांचं माणूस गेलं त्यांच्या पदरात काय पडलं, हे विचारत घरोघर फिरत होती. टोरोंटोजवळच्या मिसिसागातल्या या घरातला, सिबिलचा धाकटा मुलगा नेल्सन, बांधकामावरून खाली पडून गेला होता. कमरेला दोर नव्हता.

“आंटी, आता तशी ज्यूरी बसत नाही. साक्षी होत नाहीत. वर्षभरातल्या अशा सगळ्या मृत्यूंचा एकत्र रिव्ह्यू होतो. एक्स्पर्ट बसतात, पुन्हा असं होऊ नये म्हणून सूचना करतात.”

“म्हणजे माझा नेल्सन घाऊकात गेला.”

सुमेधानं पेन खाली ठेवलं. एरवी कुणाचं तोंड असं बंद केलं की सिबिलला दिवसभर पुरायचं. आज काहीच वाटलं नाही. सुतकाचे दिवस तिनं एकाच आशेवर काढले होते. कोर्ट बसेल, कुणीतरी काळा कोट विचारेल, आणि आपण मागच्या बाकावर बसून ऐकू.

“दोर न बांधता त्याला वर कुणी चढवलं, हे मग कुणीच विचारायचं नाही?”

“तुम्ही विचारू शकता ना, आंटी. फोरमनला भेटून. कायद्याची आडकाठी नाही.”

“कायद्याची नाही.”

बाहेर काच खरवडल्याचा आवाज येत होता. सुमेधानं पेन उचललं. “कुठं भेटतील ते?”

सिबिलनं खिडकीकडे मान वळवली. “तो काय. तुझ्या गाडीवरचा बर्फ काढतोय.”

सुमेधानं वाकून पाहिलं. “हे तर तुमचे थोरले, इथन.”

“धाकट्याला कामावर त्यानंच लावलं. त्याच्याच हाताखाली होता.” सिबिलनं आवाज खाली आणला. “नेल्सन गेल्यापासून माझ्या तोंडाकडे बघत नाही तो. नुसता राबतो. कोर्टानं विचारलं असतं, तर मी फक्त ऐकलं असतं, आणि त्याला घरी घेऊन आले असते. मी विचारलं, तर हाही जाईल.”