मॅडमनी तपासलंय

“आमच्या मॅडमनी स्वतः तपासलंय,” कप्तान पडद्यावरच्या बाईंना सांगत होता, आणि मॅडम अजून मीटिंगच्या खोलीच्या दारातच उभी होती.

एका हातात लॅपटॉप, दुसऱ्या हातात काळी पिशवी. पिशवीत दुधाचा पंप आणि बाळासाठी काढलेल्या दुधाची बाटली. ती शेजारच्या खोलीत दार लावून बसली होती, तेवढ्यात इकडे तिच्या नावाने तपासणी उरकलीसुद्धा होती. बाळंतपणाच्या रजेवरून परत आल्याचा हा पहिलाच आठवडा.

कप्तान म्हणजे टीमचा प्रमुख. नाव पोरांनी ठेवलेलं; त्यालाही ते आवडायचं. सकाळी त्यानेच ग्राहकाच्या क्लस्टरवर, म्हणजे एकत्र जोडलेल्या सर्व्हरांच्या ताफ्यावर, बिल्ड ऑपरेटर नावाचा प्रोग्राम बसवला होता. ऑपरेटर म्हणजे मुकादमच. प्रोग्रामरनी कोड द्यायचा, आणि त्याचा चालता कंटेनर, म्हणजे कुठेही चालेल असं तयार गाठोडं, बांधून घ्यायचं काम याचं; त्या बांधणीलाच बिल्ड म्हणायचं. पडद्यावर त्याच्या नावापुढे हिरवी खूण होती, शेजारी ‘यशस्वी’.

तपासायचं तिने, असं ठरलं होतं. तिने अजून बोटही लावलं नव्हतं.

“छान,” ग्राहकाकडच्या बाई म्हणाल्या. “मग बिल्डचं जुनं मशीन आत्ताच काढून टाकतो. आजपासून सगळे बिल्ड नव्यावर.”

“बिनधास्त काढा.”

ती त्याच्या शेजारच्या खुर्चीवर बसली. त्याने लगेच माईक बंद केला.

“मी कधी तपासलं?”

“अगं, हिरवं दिसतंय ना? तुला घरी जायची घाई असते. म्हटलं, तुझ्या डोक्याचा एक ताप कमी.”

“आमचाही करा की कप्तान,” समोरचा टेस्टर म्हणाला. “आम्हाला पोर नाही म्हणून काय झालं?”

दोघेही हसले. कप्तानाच्या आवाजात खरीच माया होती, आणि त्या मायेनेच तिच्या कानशिलापर्यंत रक्त चढलं. उद्या हे गडगडलं की खापर कोणाच्या डोक्यावर फुटणार, तिला लख्ख दिसत होतं. सगळे म्हणणार, आल्या आल्या घोळ घातला हो तिने. लक्ष कुठे असतं, अर्धा जीव घरी.

“माईक सुरू करा.”

“उगाच शोभा नको. कॉल संपू दे, मग निवांत बघ.”

“कॉल संपल्यावर जुनं मशीन राहणार नाही.”

“बाळ झाल्यापासून फार घाबरट झालीस तू.”

झालीच होती. रात्री पोराची छाती वरखाली होताना दिसत असली, तरी ती त्याच्या नाकाखाली बोट धरायची. “अगं, डोळ्यांना दिसतंय ना? झोपू दे त्याला,” सासूबाई करवादायच्या. दिसत असायचंच. पण बोटाला ऊब लागल्याशिवाय हात काही मागे यायचा नाही.

“झालेय खरी,” ती म्हणाली, आणि त्याच्यासमोरून हात घालून माईकचं बटण तिनेच दाबलं.

“मॅडम, मी काहीही तपासलेलं नाही. आता तुमच्यासमोर तपासते. तोवर जुन्याला हात लावू नका.”

तिने आपला लॅपटॉप पडद्याला जोडला. नमुन्याचा एक चिमुकला प्रोग्राम घेतला, त्याचा बिल्ड करायची आज्ञा टाईप केली आणि बटण दाबलं.

वाट बघावीच लागली नाही. लाल ओळ आली. क्लस्टरचं म्हणणं थोडक्यात असं, की बिल्ड ही काय चीज आहे, मला ठाऊक नाही.

“नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा,” टेस्टर पुटपुटला. या वेळी कोणी हसलं नाही.

“म्हणजे? बसलंच नाही का ते?” बाईंनी विचारलं.

“ऑपरेटर म्हणजे मुकादम, तो कामावर आलाय. हिरवी खूण तेवढंच सांगते. पण ‘इथे कारखाना उभा कर’ असा हुकूम त्याला एका छोट्या फाईलने द्यावा लागतो. तो कोणी दिलेलाच नाही. सकाळपासून नुसता बसून आहे बिचारा.”

“आणि आम्ही जुनं काढलं असतं तर?”

“एकही बिल्ड झाला नसता.”

बाई म्हणाल्या, “सर, तुम्ही तर म्हणालात...”

“आमच्यात जरा निरोपाची गडबड झाली,” कप्तान म्हणाला.

“नाही,” ती म्हणाली. “मला कोणी विचारलंच नव्हतं.”

दुरुस्त करून पुन्हा दाखवा, तोवर जुनं चालू ठेवतो, असं सांगून बाई गेल्या. पडदा काळा झाला. टेस्टरला अचानक चहा आठवला.

तिने लॅपटॉप मिटून काळी पिशवी जवळ ओढली.

“मला नुसती खूण केली असतीस तरी चाललं असतं,” कप्तान म्हणाला. “चारचौघांत तोंडघशी पाडलंस.”

“माईक सुरू करा, म्हटलं होतं.”

“तुला कळत नाहीये. वरच्या लोकांना धाकधूक होती, हिला आता झेपेल का म्हणून. मी म्हटलं, माझ्यावर सोडा. तुझी बाजू मी घेतली गं! काही बिघडलं असतं, तर मी सांभाळून घेतलं असतं.”

“कोणाला? मला, की स्वतःला?”

कप्तानाने आपल्या लॅपटॉपची वायर हाताला गुंडाळायला घेतली. वायर संपली, तरी त्याचा हात फिरतच राहिला.